अ‍ॅपमध्येच उघडलेल्या पानावर कार्डाचा नंबर देऊ नका

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मावशींच्या खात्यातून १८,४०० रुपये गेले. फेसबुकवर येवल्याच्या पैठणीची जाहिरात होती. साडीचे पैसे घरपोच मिळाल्यावर द्यायचे आणि पाठवणीचे ९९ रुपये तेवढे आधी कार्डाने भरायचे, असे तीत म्हटले होते.

जाहिरातीवर बोट ठेवताच पान उघडले ते फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये नव्हे, तर फेसबुकच्याच आत. वरच्या पट्टीत पानाचे नाव ठळक आणि त्याखाली बारीक अक्षरांत पत्ता होता. पत्त्याची सुरुवात एका प्रसिद्ध पेढीच्या नावाने होत होती; खरी मालकी सांगणारा शेवटचा भाग अरुंद पट्टीत मावतच नव्हता. शेजारी कुलूपही होते, पण कुलूप म्हणजे मधल्या वाटेवर माहिती सुरक्षित आहे एवढेच. समोरचा प्रामाणिक आहे, याची ती हमी नव्हे.

खरा घात ओटीपीच्या वेळी झाला. मेसेज वाचायला अ‍ॅपबाहेर जाऊन परत आले की असे पान पुष्कळदा पुन्हा पहिल्यापासून लोड होते आणि भरलेली माहिती पुसली जाते. एकदा तसे झाल्यामुळे मावशींनी दुसऱ्यांदा मेसेज उघडलाच नाही. वरून सरकलेल्या सूचनेतले सहा आकडे पाहून तिथेच टाकले. ९९ नव्हे तर १८,४०० ही रक्कम त्याच मेसेजमध्ये पुढे लिहिलेली होती. ज्यांनी हे पान रचले त्यांना ही अडचण पुरेपूर माहीत असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा पानाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबले की ते बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय बहुधा मिळतो. तिथे पूर्ण पत्ता वाचता येतो, आणि पासवर्ड साठवलेले असतील तर खोट्या पत्त्यावर ब्राउझर ते आपणहून भरत नाही. हा इशारा अ‍ॅपमधल्या पानावर बहुतेक वेळा मिळतच नाही.

आम्ही त्याच रात्री सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बँकेला कळवून कार्ड बंद केले. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. बँकेने त्यावरच बोट ठेवल्यामुळे ते १८,४०० परत मिळाले नाहीत. मात्र कार्ड बंद झाल्यावर पहाटे ३५,००० रुपयांचा जो दुसरा प्रयत्न झाला, तो फसला.