कोरम भरला नाही: मंडळाने नेमणूक करावी की सभा तहकूब करावी?

अमेरिकेतल्या होमओनर्स असोसिएशनच्या (आपल्याकडच्या सोसायटीसारखी घरमालकांची संस्था) संचालक मंडळाच्या निवडणुकीला कोरम, म्हणजे लागणारी किमान सभासदसंख्या, न जमणं ही नेहमीचीच रड. कॅलिफोर्नियात अशा वेळी दोन वाटा पुढे येतात.

पहिली वाट म्हणजे उरलेल्या मंडळाने रिकाम्या संचालकपदांवर स्वतःच नेमणूक करणं. एका बैठकीत काम उरकतं, खर्चही नाममात्र. उपविधींत वेगळं काही नसेल तर कायद्याची हरकत नाही. एकच संचालक उरला असेल तरी तो नेमणूक करू शकतो. मेख पुढे आहे. मुदत संपली म्हणून जागा रिकामी होत नाही. नवा संचालक निवडून येईपर्यंत जुनाच पदावर राहतो, त्यामुळे त्याने राजीनामा दिल्याशिवाय नेमणूक करणार तरी कुठे? सभासदांनी मत देऊन हटवलेल्या संचालकाची जागाही मंडळाला सहसा परस्पर भरता येत नाही. शिवाय ‘आपलीच माणसं बसवली’ ही कुजबुज होतेच, आणि कधीकधी ती रास्तही असते.

दुसरी वाट तहकुबीची. २०२४ पासून ती सोपी झाली: किमान २० दिवसांनी सभा पुन्हा भरवायची, तेव्हा २० टक्क्यांचा कोरम पुरतो. उपविधींत याहून कमी असेल तर तोच. सवलत फक्त संचालकांच्या निवडणुकीपुरती. नियमावलीतले बदल तिच्या आडून उरकता येत नाहीत.

मुदतीच्या मध्येच कुणी संचालक घर विकून गेला तर मी नेमणुकीच्या बाजूने. मुदत संपलेल्या जागांसाठी मात्र तहकूब सभाच. त्या २० दिवसांत दारोदार फिरून मतपत्रिका गोळा करायची तयारी हवी.