कचऱ्यावर लाईट म्हणून घेतला, चालतो करवंट्यांवर (अडीच स्टार)

फोंड्यात आमच्या सोसायटीत गॅसिफायर, म्हणजे कचऱ्याचा गॅस करून त्यावर वीज काढणारं मशीन, बसवून वर्ष होत आलं, १० किलोवॅटचा. सेक्रेटरी म्हणून शिव्या मीच खातोय तर रिव्ह्यू पण मीच लिहितो. कंपनीचं नाव नको, फोन तरी उचलतात बिचारे.

डेमो दिला एप्रिलमध्ये, तिथेच फसलो. कडकडीत सुकलेला पाला, पुठ्ठे, करवंट्या टाकल्या, वीसेक मिनिटं गॅस नुसता जाळून दाखवला, निळसर ज्योत, मग इंजिन सुरू आणि पार्किंगचे दिवे लख्ख. आत हवा मोजकीच सोडतात त्यामुळे माल पूर्ण जळत नाही, हजारेक डिग्रीला त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनतो, तो गाळून थंड करून इंजिनला देतात. ह्यात खोटं काहीच नाही. पण माल १५-२० टक्क्यांहून ओला चालत नाही आणि आपल्या घरचा कचरा म्हणजे निम्मं पाणीच, बांगड्यांची डोकी, खोबऱ्याचा चोथा, आंब्याच्या साली, हे कुठं सुकवणार आणि जूनमध्ये तर अंगावरचे कपडे सुकत नाहीत.

चवथीनंतर ऑपरेटर सुट्टीवर असताना कोणीतरी माटोळीचा (गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती) सगळा हिरवा पाला सरळ आत ओतला. दोन दिवसांनी फिल्टरचं झाकण उघडलं तर आत डांबर, काकवीसारखं ओघळणारं, हात रॉकेलने धुतले तरी वास जेवताना नाकात. इंजिनचा व्हॉल्व चिकटला तो खर्च वेगळा.

आता तेलाच्या घाण्यावरून करवंट्या विकत आणतो (हो, विकत!), युनिटमागे किलो-सव्वा किलो लागतात, त्यातून ब्लोअर आणि पंप आपला वाटा खातात तो वेगळाच. करवंट्यांवर मात्र मशीन मस्त चालतं, लाईट गेली की लिफ्ट चालते, अडीच स्टार त्याचेच.

खरं तर आपल्या गोव्यातलाच साळगावचा कचरा प्लांट २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस करून वीज काढतोय, आपल्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याला तेच बरं, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. तरी कोणाला घ्यायचाच असेल तर उघड्या शेडमध्ये बसवा, बेसमेंटमध्ये अजिबात नको, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस जातो, अलार्म लावाच. पीव्हीसीचे पाईपचे तुकडे वगैरे आत टाकू देऊ नका.

परवा कंपनीवाले आले होते, म्हणतात ड्रायर घ्या. तो कशावर चालतो विचारलं तर म्हणे लाईटवर.