बार्लीवाइनसाठी क्वाइक की इंग्लिश एल यीस्ट?

पुढच्या हिवाळ्यासाठी बार्लीवाइन, म्हणजे जास्त अल्कोहोलची कडक बिअर, लावायची ठरली की यीस्ट कोणतं, यावर गाडी अडते. लीड्सच्या घरी मी दोन्ही वापरून पाहिली: एका वर्षी नॉर्वेचं वॉस क्वाइक, पुढच्या वर्षी साधं इंग्लिश एल यीस्ट. कृती तीच, वीस लिटरची बादलीही तीच, सुरुवातीची घनता १.०९५ (साखर आंबून अल्कोहोल होत जातं तसा हा आकडा उतरतो).

क्वाइकचं कौतुक होतं ते खरंच आहे. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी हे यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलं. ३५ ते ४० अंशांत ते झपाट्याने काम करतं. संध्याकाळी घातलं, तर सकाळी एअरलॉक (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी नळी) खदखदत होता.

पण ती ऊब टिकवणार कशी? डिसेंबरात आमचं स्वयंपाकघर रात्री १५ अंशांवर येतं. बादलीला हीट बेल्ट बांधला, वरून आईची गोधडी गुंडाळली, तरी पहाटे दोनला उठून थर्मामीटर बघायचो. तिसऱ्या रात्री प्लग सैल झाला. सकाळी बघतो तर २३ अंश आणि बुडबुडे जवळजवळ थांबलेले. पुन्हा तापवून आठवड्याभरात १.०२२ गाठलं, पण त्या आठवड्यात एक रात्र धड झोप नाही. मला तरी हेच नडलं. शिवाय वॉसला संत्र्याच्या सालीचा वास येतो. पेल एलसारख्या हलक्या बिअरमध्ये तो छान लागतो. बार्लीवाइनच्या मनुका-कॅरमलच्या चवीत मला तो मध्येमध्ये आला. इथे आवड ज्याची त्याची.

इंग्लिश यीस्टला जिन्याखालचं १८ अंशांचं कपाट पुरलं. पहारा नाही. मात्र नवव्या दिवशी एअरलॉक गप्प झाला, आणि तोटीतून नमुना काढून पाहिला तर १.०४०. हे यीस्ट लवकर तळाशी बसतं. इथेच बाटल्या भरायचा मोह होतो. भरू नका, उरलेली साखर बाटलीत आंबली की बाटली फुटते. मी झाकण न उघडता बादली हलकेच गोल फिरवली, तळाचा साका वर आणला आणि बादली २१ अंशांच्या खोलीत नेली. चार दिवसांनी १.०३६, मग १.०३१. महिनाअखेरीस १.०२४, आणि तीन दिवसांनी पुन्हा तेवढंच. मगच बाटल्या भरल्या.

म्हणजे क्वाइकने तीन आठवडे वाचवले. पण दोन महिन्यांनी त्याची बाटली उघडली तेव्हा अल्कोहोल घशाला जाळत होतं. ती बिअर मुरायला आठ महिने लागलेच, इंग्लिशलाही साधारण तेवढेच.

घरात बॉयलरशेजारी उबदार कोपरा असेल, किंवा बिअर उन्हाळ्यात लावायची असेल, तर क्वाइक जरूर लावा. माझ्या जिन्याखाली यंदाही इंग्लिशच आहे. काल १.०३८ होतं, बादली फिरवून परत ठेवली.