बिदरीच्या चोवीस डब्या

मुलीच्या लग्नात मानपानासाठी घेतलेल्या चोवीस बिदरी, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी भरलेल्या बिदरच्या, डब्यांपैकी एकही डबी बिदरीची नव्हती, हे आम्हाला लग्नानंतर आठव्या दिवशी कळले, आणि तेही आमच्या चौकसपणामुळे कळले असे म्हणता येणार नाही. विहीणबाईंच्या धाकट्या बहिणीने नखांवरचा रंग काढताना त्या द्रवाचे दोन थेंब डबीच्या झाकणावर सांडले, तिने ते कापसाने टिपले आणि कापसाबरोबर डबीचा काळा रंगही निघून आला. खाली जुन्या पातेल्यासारखे पांढुरके ॲल्युमिनियम दिसू लागले. तिने सौजन्याने ही गोष्ट चारचौघांत न बोलता फक्त आमच्या मुलीला दाखवली. चौतीस हजार आठशे रुपये गेले त्याचे दुःख आहेच. पण चोवीस घरांत आमच्या नावाने रंगवलेले ॲल्युमिनियम शोकेसमध्ये बसले आहे, ही टोचणी त्याहून मोठी आहे.

मी या व्यवहारात अगदीच अडाणी नव्हतो, आणि म्हणूनच हे लिहितो आहे. माझे आजोळ भालकीचे. बिदर जिल्ह्यातल्या त्या भागात आजही घरोघरी मराठी बोलली जाते, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आपल्याकडचे तालुकेही बिदर जिल्ह्यातच होते. आजीचे पानदान बिदरीचे होते. काळ्याभोर अंगावर चांदीची बारीक वेल असलेले ते पानदान उचलताना लहानपणी दोन्ही हात लावावे लागत. मुलीच्या लग्नात स्टीलचे डबे किंवा चांदीचा मुलामा दिलेली तबके देण्यापेक्षा आजोळच्या मातीतली एखादी वस्तू द्यावी, असे आम्हा उभयतांना वाटले. वेळ कमी होता आणि बिदरला जाऊन येणे जमेना, म्हणून मोबाईलवर शोध घेतला. एका विक्रेत्याचे पान समोर आले. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

तो मराठी बोलत होता. मला ‘काका’ म्हणत होता. बिदरच्या कारागिरांच्या घरातला तिसऱ्या पिढीचा मुलगा असल्याचे त्याने सांगितले, आजोबा अजून स्वतः छिन्नी धरतात असेही म्हणाला, आणि पुरावा म्हणून एक चित्रफीत पाठवली. तिच्यात एक वृद्ध कारागीर जमिनीवर बसून, मेणासारख्या कशावर तरी घट्ट बसवलेल्या डबीवर चांदीची तार ठोकत होता. मागोमाग भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या खास वस्तूला मिळणाऱ्या ‘जीआय’ ओळखीच्या, प्रमाणपत्राची प्रत आली. 2023 मध्ये बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली होती, तिच्या बातमीचे कात्रणही आले. मी तरीही सावधपणे म्हणालो की आधी नमुन्याची एक डबी पाठवा, मग बोलू. त्याने जराही आढेवेढे घेतले नाहीत. 1450 रुपयांना एक डबी पाच दिवसांत घरी आली. ती हातात घेताच आजीचे पानदान आठवावे अशी होती, आणि आज मी खात्रीने सांगू शकतो की ती डबी शंभर टक्के अस्सल होती.

सगळ्या फसवणुकीचे मर्म येथेच आहे. चित्रफीत खरी होती, प्रमाणपत्र खरे होते, बातमी खरी होती, नमुना खरा होता. त्या माणसाने मला खोटी वस्तू शेवटपर्यंत दाखवलीच नाही. मी प्रत्येक वस्तू खरी की खोटी एवढेच पाहत राहिलो. ती वस्तू त्याची आहे का, हे एकदाही विचारले नाही. किंमत फार कमी असती तर संशय आला असता, पण त्याने दरही बाजारभावाचाच सांगितला आणि घासाघीस केल्यावर एक रुपयादेखील कमी केला नाही. ‘चांदीचे भाव बघताय ना काका,’ असे म्हणाला, आणि मला ते पटले. निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी माल पाठवण्यापूर्वी, असे ठरले. दोन्ही वेळा 17,400 रुपये मी मोबाईलवरून भरले. पैसे ज्या खात्यात जात होते ते कोणा तिसऱ्याच व्यक्तीचे बचत खाते होते. नाव वाचून मी क्षणभर थांबलो होतो, त्यावर ‘मामांचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले.

माल लग्नाच्या दोन दिवस आधी आला. त्या दिवशी घरात रुखवत मांडला जात होता, आचारी वांग्यांच्या हिशेबावरून भांडत होता आणि मांडववाला पैशांसाठी दारात उभा होता. पत्नीने दोन डब्या उघडून पाहिल्या, ‘छान आहेत’ म्हणाली, आणि आम्ही चोवीसच्या चोवीस खोकी पिशव्यांत भरली. प्रत्येक डबी मखमलीचे अस्तर लावलेल्या जाड प्लायवूडच्या खोक्यात होती. नमुना साध्या पुठ्ठ्यात आला होता, हे तेव्हा आठवले असते तर बरे झाले असते. खोके जड होते, त्यामुळे आतली डबी हलकी आहे हे हाताला जाणवले नाही. नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले, तेव्हा नमुन्याची डबी 240 ग्रॅम भरली आणि एका मामेबहिणीकडून लाजत परत मागून घेतलेली डबी 92 ग्रॅम. दोन्ही एकाच मापाच्या.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला स्वतःला फार लागली. लग्नातल्या छायाचित्रांत डब्यांची एक रांग दिसते. ते छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर लक्षात आले की प्रत्येक झाकणावरच्या कमळाची डावीकडून तिसरी पाकळी टोकाशी तुटलेली आहे. चोवीस कारागिरांचा हात चोवीस वेळा एकाच जागी चुकत नाही. ती नक्षी छापलेली होती, आणि ज्या जाळीतून छापली ती त्या ठिकाणी फाटलेली होती.

रंग निघाल्याचे कळले त्या संध्याकाळी त्याचा क्रमांक बंद होता आणि पान नाहीसे झालेले होते. मी 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळे विचारून घेतले, तक्रार नोंदवली, आणि शेवटचे पैसे भरून किती दिवस झाले ते विचारले. अकरा दिवस, असे मी म्हणालो. त्या काही क्षण गप्प राहिल्या. पैसे भरल्यानंतर काही तासांत फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. अकरा दिवसांनंतर त्या खात्यात काहीच उरले नव्हते. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, ही 2019 च्या कायद्याने केलेली सोय चांगली आहे, पण तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची त्याचा पत्ता तरी हवा. माझ्याकडच्या पावतीवर कमळाचे चित्र होते, आभार मानणारे वाक्य होते, पत्ता नव्हता. पोलिसांकडे अर्ज दिलेला आहे.

पुढच्या महिन्यात मी नमुन्याची डबी आणि खोटी डबी अशा दोन्ही घेऊन रात्रीच्या गाडीने लातूर, उदगीर, भालकी करत बिदरला गेलो. पैसे परत मिळण्याची आशा नव्हती. निदान खरे काय असते ते तरी पाहावे, अशी जिद्द होती. महमूद गवानच्या मदरशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौबाऱ्याच्या आसपास बिदरीची दुकाने आहेत. दुसऱ्या की तिसऱ्या दुकानात खोटी डबी काउंटरवर ठेवली, तर दुकानदाराने ती हातातही न घेता मागच्या गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराकडे बोट दाखवले. त्या चाचांनी ती डबी उचलली, तळहातावर एकदा उडवून झेलली, आणि म्हणाले, ‘साब, ये तो रंग है, बिदरी नै.’

मग त्यांनी मला दुपारपर्यंत बसवून घेतले. बिदरीचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त आणि त्यात थोडे तांबे, साधारण सोळाला एक या प्रमाणात. वाळूत राळ आणि एरंडेल कालवून केलेल्या साच्यात वस्तू ओतली जाते. बाहेर येते तेव्हा ती राखाडी आणि खडबडीत असते. ती कानशीने घासून गुळगुळीत केली की वरून मोरचुदाचे पाणी फिरवतात. त्याने अंग तात्पुरते काळपट होते आणि त्यावर टोकाने ओढलेली नक्षी कारागिराला स्पष्ट दिसते. नंतर छिन्नीने चर कोरायचे आणि त्या चरांत चांदीची तार किंवा पातळ पत्रा हातोडीने हलके ठोकत बसवायचा. डिंक नाही, डाख नाही; चर आतून जरा रुंद असतो, त्यातच चांदी अडकून राहते. तारेचे काम ते तारकशी आणि पत्र्याचे ते तेहनिशान. मला पूर्वी वाटे की काळेपणा आधी येतो आणि चांदी मागून बसवतात. उलटे असते. चांदी बसवून पुन्हा सगळे घासल्यावर वस्तू अशी दिसते की पांढऱ्यावर पांढरी नक्षी आहे की नाही हेही कळू नये.

काळे होते ते शेवटी, मातीने. किल्ल्यातल्या जुन्या, ऊन आणि पाऊस न पोहोचणाऱ्या जागेतली माती आणून ती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात. चाचांनी चिमूटभर माती माझ्या हातावर ठेवली आणि जिभेला लावायला सांगितली. जुने कारागीर माती चवीवरूनच पारखतात. मी लावली. खारट, आणि मागून किंचित बोचरी लागली. मग त्यांनी एक लहानशी तबकडी जराशी तापवून त्या चिखलात बुडवली आणि कापडाने चोळली. माझ्या डोळ्यांदेखत राखाडी धातू कोळशासारखा काळा झाला आणि चांदी मात्र जशीच्या तशी उजळ राहिली, कारण त्या मातीचा परिणाम जस्त-तांब्यावर होतो, चांदीवर होत नाही. हा काळेपणा म्हणजे वरून दिलेला थर नव्हे. धातूचेच अंग बदललेले असते. शेवटी खोबरेलाचा हात फिरवला की झाले. नखांचा रंग काढणारा द्रव चाचांनी शेजारच्या घरातून मागवला आणि माझ्या नमुन्याच्या डबीवर सरळ ओतला. डबीला काही झाले नाही.

खोटी वस्तू ओळखायची कशी, हे मी त्यांना विचारले. जस्ताला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून लोखंडाची नक्कल चुंबकाने पकडता येते. पण ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही, त्यामुळे माझ्या डब्या त्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या असत्या. तेथे वजनच कामी येते. नक्षीवरून नख फिरवले तर खऱ्या कामात चांदी आणि काळे अंग एकाच पातळीवर लागते, छापलेला रंग मात्र उंचवट्यासारखा अडतो. आणि चांदी असेल तर वर्ष-दोन वर्षांत ती हवेने मंद पडणारच. ‘कधीच काळवंडत नाही’ अशी हमी कोणी देत असेल, तर त्याचा अर्थ काय होतो तो आपणच काढावा. या मापाच्या एका डबीचे कोरकाम आणि भरणी यांना चाचांचे दोन दिवस जातात. पंधरा दिवसांत चोवीस डब्या देतो म्हणणाऱ्याला मी फोनवर धन्यवाद दिले होते.

प्रमाणपत्राचेही तेथेच उलगडले. बिदरीला भौगोलिक मानांकन 2006 मध्ये मिळाले, आणि ते प्रमाणपत्र कोणालाही सहज पाहायला मिळते. मात्र ते मानांकनाची नोंदणी करून घेणाऱ्या संस्थेच्या नावाचे असते. 1999 च्या कायद्यानुसार कारागीर किंवा विक्रेता त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करू शकतो, आणि त्या नोंदीवर त्याचे स्वतःचे नाव असते. पाहायचे ते हे नाव, आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्याचे नाव. दोन्ही जुळले पाहिजेत. पैठणी असो, सावंतवाडीची लाकडी खेळणी असोत की बिदरी, दुरून घेताना मी आता एवढेच मागतो. बहुतेक कारागीर ते आनंदाने दाखवतात. विक्रेत्याला फोनवर चित्र दाखवायला सांगून, माझे नाव खडूने पाटीवर लिहून वस्तूशेजारी धरायलाही मी सांगतो. ही युक्ती चाचांचीच.

ती त्यांना का सुचली, ते निघता निघता कळले. नमुन्याची डबी परत करण्यासाठी त्यांनी ती उलटी केली, तळाच्या कडेशी अंगठा फिरवला आणि थांबले. तेथे तिळाएवढी चांदीची चांदणी बसवलेली होती, जी मी चार महिन्यांत एकदाही पाहिली नव्हती. डबी त्यांचीच होती. मग मी मोबाईलवरची चित्रफीत उघडली, आणि भिंतीवरच्या हिरव्या कपाटासह ती खोली माझ्यासमोर आली, जिच्यात मी सकाळपासून बसलो होतो. चित्रफितीतले गृहस्थ दाढीने थोडे अधिक काळे होते, एवढाच काय तो फरक. एक गोड बोलणारा मुलगा आला होता, त्याने तीन डब्या रोख पैसे देऊन घेतल्या, परवानगी मागून तासभर चित्रण केले आणि जाताना पाया पडला. माझ्याआधी आणखी दोघे अशाच खोट्या डब्या घेऊन त्यांच्याकडे भांडायला आले होते. त्यांतल्या एकाने तर दारात उभे राहून चारचौघांदेखत त्यांना चोर म्हटले.

मी त्यांच्याकडे सहा डब्यांची मागणी नोंदवली. दिवाळीपर्यंत होतील, असे ते म्हणाले. त्यांचे काम चालू असतानाचे थोडे चित्रण करू का, असे मी संकोचत विचारले. त्यांनी हातोडी खाली ठेवली, कपाटामागून एक शाळकरी पाटी काढली, तिच्यावर त्या दिवसाची तारीख आणि आपला फोन क्रमांक लिहिला, ती गुडघ्याला टेकवून उभी केली, आणि मग मला मान हलवून सांगितले, आता घ्या.