फोटोवरून प्राणी ओळखायचा, तर कोणतं अ‍ॅप घ्यावं?

फोनमध्ये एखाद्या किड्याचा किंवा पक्ष्याचा फोटो असतो आणि त्याचं नाव हवं असतं. हे काम करणारी चांगली अ‍ॅप फुकट मिळतात आणि सगळी झटपट उत्तर देतात. त्यामुळे वेग बघून निवड करण्यात अर्थ नाही. मी एकच गोष्ट बघते: ओळख पटत नसेल तेव्हा अ‍ॅप थांबतं, की काहीतरी नाव ठोकून देतं?

गूगल लेन्स बहुतेकांच्या हाताशी असतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. २०१७ साली आलेलं हे साधन सर्वसाधारण कामाचं आहे. चप्पल असो की फुलपाखरू, दिसायला सारखी चित्रं ते इंटरनेटवरून शोधून आणतं. हत्ती, जिराफ, मोर अशा ठळक प्राण्यांना एवढं पुरतं. पण फोटो कुठे आणि कधी काढला हे ते विचारत नाही, आणि सापडलेल्या चित्राखाली कुणी चुकीचं नाव लिहिलं असेल तर तेच तुमच्यापर्यंत येतं. पहिला अंदाज म्हणून ते वापरावं, नोंद म्हणून नाही.

सीक आणि आयनॅचरलिस्ट ही एकाच घरातली दोन अ‍ॅप, पण स्वभाव अगदी वेगळे. सीकमध्ये खातं उघडावं लागत नाही आणि इंटरनेट नसतानाही ते ओळख करून देतं, म्हणून मुलांच्या हातात द्यायला मी तेच सुचवते. भिंतीवर बसलेल्या एका राखाडी पतंगावर मी ते धरलं होतं. पडद्यावरचे ठिपके एकेक करून भरत गेले: प्राणी, संधिपाद, कीटक, मग पतंग-फुलपाखरांचा गण, मग कुळ. तिथे ते थांबलं. फोन जवळ नेला, बाजूने धरला, पण पुढचा ठिपका काही भरला नाही. अनेकांना हे अपयश वाटतं. मला उलट तेव्हाच या अ‍ॅपचा भरवसा वाटायला लागला.

तोच फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला. तिथेही आधी यंत्रच नावं सुचवतं, आणि सुचवताना ती जात त्या परिसरात आढळते का हेही विचारात घेतं. पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते, कारण नोंद माणसांसमोर जाते. दोन दिवसांनी पतंगांच्या एका जाणकाराने विचारलं, ‘मागच्या पंखांचा फोटो आहे का?’ माझ्याकडे नव्हता. जात ठरली नाही, पण काय बघायला हवं होतं ते कळलं, आणि हे शिकणं कुठल्याही यंत्राच्या उत्तरापेक्षा मोलाचं आहे. तारीख, ठिकाण आणि फोटो असलेल्या नोंदीवर दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं जातीबाबत एकमत झालं, की तिला संशोधनयोग्य दर्जा मिळतो. परवाना खुला असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जाते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. यंत्राला शिकवायला प्रत्येक जातीचे भरपूर फोटो लागतात. ज्या जातीचे तेवढे फोटोच नाहीत, ती यंत्राच्या यादीत नसते. मग ते तिच्यासारख्या दिसणाऱ्या, जास्त फोटो असलेल्या जातीचं नाव पुढे करतं. म्हणजे दुर्मीळ जीवांच्या बाबतीतच चूक होण्याची शक्यता जास्त.

फक्त पक्षी बघत असाल तर मर्लिन घ्या, फार विचार करू नका. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं हे अ‍ॅप फोटोसोबत ठिकाण आणि तारीख विचारतं आणि त्या काळात तिथे कोणते पक्षी असतात हे जमेस धरतं. पक्षी चौकटीत भरेल इतका फोटो मोठा करायला ते सांगतं; हे नीट केलं की निकाल लगेच सुधारतो. पर्णवटवट्यांसारख्या एकसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांत फोटोपेक्षा आवाज जास्त उपयोगी पडतो, आणि २०२१ पासून मर्लिन आवाजही ओळखतं.

सापांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: विषारी की बिनविषारी हे कुठल्याही अ‍ॅपवर ठरवू नका. बिनविषारी कवड्या सापाचा एक फोटो एका अ‍ॅपने विषारी मण्यार म्हणून दाखवलेला मी पाहिला आहे. फोटोत फक्त मधलं अंग होतं. मण्यारीचे पांढरे पट्टे सहसा शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचे याच्या उलट. दोन्ही टोकं दिसत नसतील तर यंत्र तरी काय करणार? ही चूक उलट्या बाजूने झाली तर जीवावर बेतेल. चावा झाला असेल तर फोटोच्या नादी न लागता थेट दवाखाना गाठावा.

कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे जंगलात लावलेल्या आणि समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे, हजारो फोटो साचले असतील तर प्रश्नच वेगळा. अशा फोटोंसाठी मेगाडिटेक्टर नावाचं साधन आहे, पण ते जात सांगत नाही. फोटोत प्राणी, माणूस की वाहन आहे, की नुसतंच हललेलं गवत, एवढंच वेगळं काढतं. आधी तेच चालवावं, कारण रिकामे फोटो बाजूला काढण्यातच सगळा वेळ जातो. जातींसाठी गूगलने २०२५ मध्ये खुलं केलेलं स्पीशीजनेट आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेरेंगेटीतल्या ३२ लाख फोटोंवर, ४८ जातींसाठी असं काम झालं. यंत्राला खात्री होती तेवढेच फोटो त्याच्यावर सोपवले, तरी ९९.३ टक्के काम झालं, आणि अचूकता माणसांइतकीच, ९६.६ टक्के भरली. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की कॅमेरा नव्या जागी लावला की यंत्राची अचूकता बरीच घसरते. तेव्हा आपल्या जागेवरचे काहीशे फोटो आधी स्वतः तपासून बघा, मगच बाकीचे यंत्राच्या हवाली करा.

फोटो जगासमोर ठेवण्याआधी ठिकाणाचाही विचार करा. धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप झाकतं. पण घुबडाची ढोली किंवा गरुडाचं घरटं असेल आणि ती जात त्या यादीत नसेल, तर ठिकाण धूसर ठेवण्याचा पर्याय तुम्हालाच निवडावा लागतो. तो नोंद टाकतानाच निवडा.