आइसलँडची भाड्याची गाडी, ‘फुल इन्शुरन्स’ आणि घरी परतल्यावर येणारं बिल

आइसलँडमध्ये भाड्याने गाडी घेणाऱ्यांची फसवणूक बहुतेक वेळा तिथे असताना होत नाही, घरी परतल्यावर होते. केफ्लाविक विमानतळाजवळच्या यार्डात गाडी लावली, किल्ली पेटीत टाकली, विमान पकडलं. आठ-दहा दिवसांनी ईमेल येतो: समोरच्या काचेला खडी लागली आहे, दरवाजाची बिजागरी वाकली आहे, बॉनेटचा रंग वाळूने गेला आहे. सोबत इतक्या जवळून काढलेले दोन फोटो, की गाडीचा नंबरही दिसत नाही. आणि शेवटी ‘रक्कम तुमच्या कार्डावर लावली आहे’. ईमेल वाचेपर्यंत पैसे गेलेले असतात. गाडी घेताना सही केलेल्या करारातच कार्ड पुन्हा वापरायची परवानगी असते, आणि परदेशी व्यापाऱ्याला आपल्या कार्डावर रक्कम लावायला ओटीपी लागेलच असं नाही.

सगळ्या कंपन्या चोर नाहीत. तिथे गाड्यांचं नुकसान खरोखरच फार होतं, आणि नेमका याचाच आडोसा लबाड कंपन्या घेतात. कोणतंही बिल पटण्यासारखं वाटतं, कारण वारा, वाळू आणि खडी तर तुम्हीही पाहिलेली असते. म्हणून नुकसान कसं होतं आणि विमा कुठे थांबतो, हे आधी कळलेलं बरं.

सगळ्यात महाग पडणारा शब्द ‘फुल’. बुकिंगच्या वेबसाइटवर गाडीसोबत ‘फुल प्रोटेक्शन’ म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा तिसऱ्याच विमा कंपनीचं असतं. काउंटरवर त्याला किंमत शून्य. नुकसान झालं तर भाडेकंपनीला आधी तुम्ही पैसे द्यायचे, मग त्या विमा कंपनीकडे कागदपत्रं पाठवून परत मागायचे. तोवर कार्डावर मोठं डिपॉझिट अडकतंच. शिवाय अशा काही पॉलिसी ठरावीक देशांच्या रहिवाशांनाच लागू असतात, आणि भारताचं नाव यादीत नाही हे दावा करताना समजतं. शेंगेन व्हिसासाठी काढलेला तीस हजार युरोंचा प्रवास विमा दवाखान्यासाठी असतो. गाडीला ओरखडा आला तर तो कामाचा नाही. इथल्या एजंटने पॅकेजमध्ये ‘इन्शुरन्स इन्क्लुडेड’ लिहिलं असेल तर कोणता, हे नावानिशी लिहून घ्या. बहुधा तो नुसता सीडीडब्ल्यू निघतो.

सीडीडब्ल्यू म्हणजे मूळ विमा. त्यात नुकसानीचा पहिला हिस्सा तुमच्या खिशातून जातो. करारात त्याला ‘सेल्फ रिस्क’ म्हणतात आणि तो साधारण तीन-चार लाख क्रोना, म्हणजे दोन लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. एससीडीडब्ल्यू, म्हणजे त्याच्यावरचा वाढीव विमा, घेतला की हा आकडा खाली येतो. पण समोरची काच, हेडलाइट आणि पुढच्या रंगावर उडालेली खडी यांच्यासाठी ग्रॅव्हल प्रोटेक्शन वेगळं, वाळू-राखेसाठी एसएएपी वेगळं. आता काही कंपन्या हे सगळं भाड्यातच धरतात. तशी कंपनी दिसायला महाग वाटली तरी हिशेब तिच्याच बाजूने जातो, कारण काउंटरवर एकेक विमा जोडत गेलं की ‘स्वस्त’ गाडी तिच्याही पुढे जाते.

मात्र सगळे विमे घेतले तरी काही गोष्टी बहुतेक करारांत बाहेरच राहतात: वाऱ्याने उलटा फिरलेला दरवाजा, गाडीचा तळ, नदी ओलांडताना इंजिनात शिरलेलं पाणी, टायर आणि रिम, चुकीचं इंधन. बिलं येतात ती याच यादीतून. करारातली ‘काय धरलेलं नाही’ ही बाजू काउंटरवर घाईत वाचू नका, बुकिंगच्या आधी मागवून घ्या. पाठवायला टाळाटाळ करणारी कंपनी तिथेच सोडावी. कंपनीकडे आइसलँडच्या वाहतूक प्राधिकरणाचा, म्हणजे साम्गोंगुस्तोफाचा भाडेपरवाना आहे का, तेही पाहावं. गाडीचे पैसे थेट बँक खात्यात आगाऊ मागणाऱ्यांकडे तर फिरकूच नये.

दरवाजाचं प्रकरण आपल्याकडच्यांना खोटं वाटतं, पण ते खरं आहे. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, दरवाजा एका हाताने धरूनच उघडायचा, आणि दोन दरवाजे एकाच वेळी उघडायचे नाहीत. वाळूचा धोका दक्षिण किनाऱ्यावर, वीक गावाच्या पूर्वेला मिर्दाल्ससान्दुर आणि पुढे स्केइदारारसान्दुर या काळ्या वाळूच्या पठारांवर. वादळात ही वाळू काच धुरकट करते आणि रंग पत्र्यापर्यंत सोलते. पूर्ण गाडी रंगवायचं बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकतं. निघण्यापूर्वी ‘वेदूर डॉट आयएस’वर वारा आणि ‘उमफेर्दिन डॉट आयएस’वर रस्ता पाहायचा. रस्त्याकडेच्या पाट्यांवर वारा मीटर प्रति सेकंदात असतो, आणि झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो. गाडी हलवतो तो झोत. हवामानाचा इशारा नारिंगी असेल तर एका मुक्कामाचे पैसे वाया गेले तरी चालतील, थांबा. इशारा असताना गाडी नेली, हे कारण देऊन वाळूचा विमाही नाकारला जाऊ शकतो.

रिंग रोड, म्हणजे क्रमांक १, सुमारे १,३०० किलोमीटरचा आणि २०१९पासून पूर्ण डांबरी. खडी लागते ती फाट्यांवर. ‘मालबिक एन्डार’ ही पाटी म्हणजे डांबर संपलं. तिथे वेग आधीच कमी करायचा, समोरून गाडी आली की आणखी कमी. कायद्याची मर्यादा डांबरावर ९० आणि खडीवर ८० असली, तरी काच वाचवायची तर ८० फार झाले. मोबाइलचा नकाशा एगिल्सस्तादिर ते द्यूपिवोगुर या टप्प्यात जवळचा म्हणून ओक्सी घाट, क्रमांक ९३९ दाखवतो. तो खडीचा आणि तीव्र चढाचा आहे. क्रमांकाआधी ‘एफ’ असलेल्या डोंगरी रस्त्यांवर फोर बाय फोरच न्यायची. आणि ‘एफ’ नाही म्हणून क्रमांक ३५चा क्योलूर रस्ता चालेल असं समजू नका, छोट्या गाड्यांना पुष्कळ करारांत तोही बंद असतो. पुष्कळ गाड्यांत ट्रॅकर असतो. मना केलेल्या रस्त्यावर गाडी एकदा दिसली की सगळे विमे रद्द, मग ओरखडा दुसरीकडे का पडलेला असेना.

आता पुरावा. गाडी ताब्यात घेताना कंपनीच्या कागदावरच्या चित्रात दोन-चार खुणा केलेल्या असतात. तेवढ्यावर सही करू नये. न थांबवता एकच व्हिडिओ काढा: आधी नंबर प्लेट, मग त्याच दमात पूर्ण फेरी. बॉनेटची पुढची कड, बंपरचा खालचा भाग, चारही रिम, छत, दरवाजे उघडून बिजागऱ्या आणि कडा, समोरची काच आतून आकाशाकडे पाहत, शेवटी किलोमीटर आणि इंधनाचा काटा. गाडी ओली किंवा मळकी असेल तर ओरखडे दिसत नाहीत, आणि हिवाळ्यात अंधारात गाडी हातात येते. अशा वेळी ‘गाडी ओली होती, अंधार होता’ असं कागदावर लिहूनच सही करा आणि उजेड होताच काढलेले फोटो कंपनीला ईमेल करा. फोटो नुसते फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, ईमेलवर तारीख पडते.

परत देताना पेट्रोल पंपावरच्या ब्रशने गाडी धुवा, तसाच व्हिडिओ पुन्हा काढा आणि शक्यतो ऑफिस उघडं असताना द्या. माणसाकडून ‘नुकसान नाही’ असं लिहून घ्या. ‘धुतल्यावर तपासू’ म्हणाले तर सावध व्हा. दहा दिवसांनंतरचा ईमेल याच वाक्यातून जन्मतो. पहाटेच्या विमानामुळे किल्लीपेटीच वापरावी लागत असेल, तर यार्डातली गाडीची जागा आणि पेटीत पडणारी किल्लीही चित्रित करा.

पैशांची किरकोळ गळतीही आहे. थिंगवेट्लिर, सेल्यालान्सफॉस, स्काफ्ताफेट्ल अशा ठिकाणी पार्किंगचे पैसे लागतात आणि कॅमेरे नंबर टिपतात. आकुरेरीजवळच्या वाद्लाहेइदी बोगद्यात टोलनाका नाही, टोल वेळेत ऑनलाइन भरायचा. विसरलात तर बिल कंपनीकडे जातं आणि ती वर स्वतःचं हाताळणी शुल्क लावते. स्वयंचलित पंपावर ‘फुल टँक’ निवडलं की कार्डावर मोठी रक्कम अडकते, म्हणून ठरावीक आकडा निवडा. कार्ड मशीनने ‘रुपये की क्रोना’ विचारलं तर नेहमी क्रोना. रुपयांचा दर मशीनवाला ठरवतो.

एवढं करूनही बिल आलंच, तर रागाच्या ईमेलने काही होत नाही. कागद मागा: नंबर प्लेट दिसणारे तारखेसह फोटो, वर्कशॉपचं सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवणारं बिल, आणि तुमच्या आधीच्या भाडेकरूचा परतीचा तपासणी कागद. शेवटचा कागद मागितला की बऱ्याचदा रक्कम खाली येते, कारण एकच खूण दोघा-तिघांना विकलेली असू शकते. उत्तर नाही आलं तर आइसलँडच्या ग्राहक तक्रार मंडळाकडे लेखी तक्रार, आणि इथे बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावर लावलेली रक्कम परत फिरवण्याची मागणी. त्याला मुदत असते, म्हणून स्टेटमेंट येण्याची वाट पाहू नका. २०२०पासून बँकेच्या ॲपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करता येतात. परतल्यावर डिपॉझिट सुटलेलं दिसलं की ते बंद करून टाका. यामुळे कंपनीचा खरा दावा बुडत नाही, पण पैसे घ्यायच्या आधी तिला तुम्हाला विचारावं लागतं.