काकांचे मृत्युपत्र, साक्षीदारांचे पान आणि प्रोबेट : दोन वकिली कार्यालयांचा अनुभव

माझ्या अविवाहित मोठ्या काकांनी २०१४ साली दक्षिण मुंबईतील एका जुन्या वकिली कार्यालयाकडून मृत्युपत्र करून घेतले होते. त्यांच्या निधनानंतर ते उघडले, तेव्हा मजकुरात बोट ठेवायला जागा नव्हती : गिरगावातील सदनिका धाकट्या आत्याला, बँकेतील ठेवी माझे वडील व मोठी आत्या यांना समान, आणि निष्पादक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणून माझे नाव. शेवटच्या पानावर मात्र ‘साक्षीदार १’ आणि ‘साक्षीदार २’ या शब्दांपुढे केवळ दोन सह्या होत्या. नाव नाही, पत्ता नाही, वय नाही. त्यांतील एक सही तर कोणत्या लिपीत आहे हेही कळत नव्हते.

वकील निवडताना लोक मसुद्याची भाषा, कार्यालयाचे नाव आणि शुल्क पाहतात. मी आज केवळ साक्षीदारांचे पान पाहीन, आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात आणि त्या प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही करावी लागते. त्याच कायद्याचे कलम २८१ सांगते की, साक्षीदार उपलब्ध असल्यास त्यांपैकी किमान एकाने प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन प्रमाणपत्राच्या, अर्जावर आपले सत्यापन द्यावे. म्हणजे मृत्युपत्र करणारा माणूस गेल्यानंतर त्याच्या वतीने बोलू शकणारी दोनच माणसे उरतात, आणि ती कोण आहेत हे शोधण्याची सोय ज्या कार्यालयाने ठेवली नाही, त्याने सर्वांत महत्त्वाचे काम अर्धवट सोडले असे मी स्पष्टपणे म्हणेन. त्या कार्यालयाकडे विचारणा केली असता, इतकी जुनी फाइल आता ठेवलेली नाही, एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या कामासाठी मात्र त्यांनी सदनिकेच्या बाजारभावाच्या टक्केवारीने शुल्क सांगितले. चाळीतील खोली असो वा समुद्रासमोरचे घर, अर्ज तोच, प्रतिज्ञापत्रे तीच आणि न्यायालयाचा विभागही तोच. मग घराच्या किमतीवर वकिलाचा मोबदला का चढावा, याचे समाधानकारक उत्तर मला कोणीही दिले नाही.

बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे चांगला वकील ओळखीतूनच सापडतो. आम्हाला फोर्टमधील एक वकीलबाई अशाच मिळाल्या. त्यांनी ठरावीक रक्कम सांगितली आणि ती तीन टप्प्यांत विभागली : अर्ज तयार होताना, तो दाखल झाल्यावर आणि प्रोबेट हाती आल्यावर. न्यायालयीन शुल्क वेगळे. महाराष्ट्रात प्रोबेटसाठी हे शुल्क मालमत्तेच्या मूल्यावर चढत जाते. त्याची कमाल मर्यादा ७५,००० रुपये असून मुंबईतील बहुतेक कोणतीही सदनिका ती सहज गाठते. वकीलबाईंची एकूण रक्कम ऐकताना ती मला जास्त वाटली होती आणि तसे मी घरी बोलूनही दाखवले होते. पुढे माझे मत बदलले.

ते बदलले साक्षीदाराच्या शोधामुळे. पहिल्याच भेटीत त्यांनी मृत्युपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेतले. मग काका कुठे नोकरीला होते, सही झाली त्या वर्षी त्यांच्याकडे कोणाचे येणे-जाणे होते, त्यांचे डॉक्टर कोण, हे सगळे त्यांनी बारकाईने विचारले. काका पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झाले होते. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी करता करता विरारला राहणारे, ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ सापडले, आणि दुसरी, न वाचता येणारी सही काकांच्या डॉक्टरांची होती हे त्यांच्याकडूनच कळले. डॉक्टर आता हयात नाहीत. विरारच्या त्या गृहस्थांना फोर्टपर्यंत येणे झेपण्यासारखे नव्हते, म्हणून वकीलबाईंचा कारकून नोटरींना घेऊन त्यांच्या घरी गेला आणि तिथेच प्रतिज्ञापत्र पूर्ण केले. त्याचा वेगळा आकार लावला नाही. त्या वृद्ध गृहस्थांनी सही केलेली खोली, काका बसले होते ती बाजू आणि डॉक्टरांनी मागितलेले पेन इतक्या नेमकेपणाने सांगितले की, माझ्या धाकट्या आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. दोघेही साक्षीदार गेलेले असते तरी सह्यांचे हस्ताक्षर सिद्ध करण्याचा मार्ग कायद्यात आहे, असे वकीलबाईंनी सांगितले होते. पण तो मार्ग अधिक लांबचा आणि अधिक खर्चाचा ठरला असता.

उच्च न्यायालयातील टप्पे मी थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष अडचण आली नाही. वडील आणि दोन्ही आत्या यांनी संमतीची प्रतिज्ञापत्रे दिल्यामुळे त्यांच्यावर सायटेशन, म्हणजे हरकत असल्यास कळवा अशी न्यायालयाची नोटीस, काढावे लागले नाही. कोणी कॅव्हेट (हरकतीचा लेखी अर्ज) दाखल करून हरकत घेतली असती, तर हाच अर्ज दाव्यात बदलला असता आणि मग वर्षांचा हिशोब कोणालाच करता आला नसता. मृत्यूच्या दाखल्यावर आणि सोसायटीच्या भागदाखल्यावर काकांच्या नावाची अक्षरे थोडी वेगळी होती, त्यावर विभागाने हरकत काढली आणि ती एका प्रतिज्ञापत्राने मिटली. मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा राहते, म्हणून दाखल करण्याआधीच त्याच्या स्वच्छ प्रती काढून ठेवल्या.

अर्ज प्रलंबित असतानाच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ वगळले. मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची जी सक्ती होती, ती या कलमामुळे होती. ठाणे या क्षेत्राबाहेर असल्यामुळे तिथल्या माझ्या चुलत बहिणीला कधी प्रोबेट घ्यावे लागले नव्हते. बातमी वाचून माझा पहिला विचार भरलेल्या शुल्काचा आला, आणि तो रास्त होता. आत्याच्या निवृत्तिवेतनाच्या मानाने ७५,००० रुपये ही लहान रक्कम नाही. अर्ज मागे घ्यावा का, असे मी विचारले. वकीलबाईंचा सल्ला होता की सक्ती गेली असली तरी प्रोबेट घेण्याची सोय कायम आहे, ते सर्वांवर बंधनकारक ठरते, आणि ज्या मृत्युपत्रातील साक्षीदारांची नावेच लिहिलेली नाहीत, त्यासाठी हयात साक्षीदाराची ग्वाही आजच न्यायालयाच्या नोंदीत जाणे अधिक सुरक्षित आहे. तो सल्ला मला पटला. ज्यांचे मृत्युपत्र नीट साक्षांकित आहे आणि वारसांत वाद नाही, त्यांनी मात्र आता सोसायटी व बँक यांना काय लागते हे आधी लेखी विचारावे आणि मगच हा खर्च करावा, असे माझे मत झाले आहे.

सोसायटीबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. काकांनी नामनिर्देशन माझ्या वडिलांच्या नावे केले होते आणि समितीतील काहींचा ठाम समज होता की घर वडिलांचे झाले. सोसायटी अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ नुसार, कायदेशीर वारस ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरती सभासद असते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या शेअर्ससंदर्भात, नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, असा निकाल दिला आहे. वडिलांनी समितीला स्वतः पत्र लिहून हा विषय संपवला. त्यांच्या जागी कमी सरळ माणूस असता, तर आत्याला या समजापायी फार त्रास झाला असता.

या सेवेबद्दल माझी एकच तक्रार आहे : अंतिम बिलात ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली एक रक्कम तपशिलाविना होती. विचारल्यावर त्यांनी टंकलेखन, नोटरी आणि वृत्तपत्रातील सूचनेचा हिशोब दिला आणि तो योग्यही होता, पण तो मागावा लागला. ज्या कार्यालयाने शुल्क इतके स्वच्छ ठरवले, त्याने हा तपशीलही आपणहून द्यायला हवा होता.

प्रोबेट मिळाल्यावर सोसायटीने भागदाखल्यावर आत्याचे नाव चढवले आणि बँकेने ठेवी वळत्या केल्या. आई-वडिलांची मृत्युपत्रे आम्ही याच वकीलबाईंकडे दिली आहेत. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही १०० रुपये शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करण्याचे आम्ही ठरवले. दोन्ही मृत्युपत्रांना साक्षीदार म्हणून आई-वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान असलेले दोन शेजारी घेतले असून त्यांची पूर्ण नावे, वये, कायमचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक सह्यांखाली टंकलिखित केले आहेत.